धाकूदादांचा फोटो

हौसावहिनी संस्थेत आल्या तेव्हा जानेवारी संपत आला होता. धाकूदादांना जाऊन दोन महिने झाले होते. मी प्रयोगशाळेत मुलांची जर्नलं तपासत बसले होते. वहिनी दाराशीच थांबल्या. चप्पल बाहेर काढली, आत आल्या आणि पिशवीतून घरचे कुळीथ काढून माझ्या टेबलावर ठेवले. कुणाकडे काही मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्या घरची रीत.

"म्याडम, ह्यांचा येक फोटू हवा व्हता," त्या म्हणाल्या. "वरसाला लावायला. घरात येक पन नाय."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "इथे ढिगाने सापडतील."

मी हे अगदी सहज म्हटलं, आणि खरंच तसं वाटूनच म्हटलं. दरवर्षी जून-जुलैत आमच्याकडे जितके कॅमेरे येतात तितके रत्नागिरीच्या बाजारपेठेतही नसतील. त्या गर्दीत एकोणीस वर्षं वावरलेल्या माणसाचा एक फोटो निघणार नाही, असं कसं होईल?

वहिनींच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "आमचा विठू मुंबैला असतो, त्यानं मागं लागून मागितला व्हता बापाचा फोटू. म्हून जुलयात नवा शर्ट घालून हितं आले व्हते. पाव्हण्यांकडनं काढून घेतो बोल्ले. मंग सांच्याला आले आनी बोल्ले, नाय जमला."

त्या गेल्या. मी लाल पेन हातात घेऊन बसून राहिले. जुलैमधला तो दिवस मला चांगला आठवत होता. का जमलं नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की वर एक कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आहे. त्या सड्यावर आमची संस्था. समुद्री जीवशास्त्रात एम.एस्सी. करायचं असलेली मुलं इथे येतात. जांभ्या दगडाची दोन मजली इमारत, मागे समुद्राच्या पाण्याच्या टाक्या, खाली खाडी. प्रवेश घेण्याआधी मुलं आईबापांना घेऊन संस्था बघायला येतात. आम्ही आपसात त्याला बघायचा कार्यक्रम म्हणायचो. कॅन्टीनमधून पोहेसुद्धा यायचे. मुलगी बघायला आल्यासारखे पालक खोल्या बघायचे, संडास बघायचे, पाणी किती वाजता येतं ते विचारायचे आणि जमेल तिथे फोटो काढायचे. घरी आजीला दाखवायला, शेजाऱ्यांना दाखवायला, मुलगा कुठे शिकतो ते नातेवाइकांना कळायला.

मीही तशीच आले होते, १९९८ साली, बाबांबरोबर. बाबा राजापुरात शाळामास्तर. त्यांनी सहकाऱ्याचा कॅमेरा मागून आणला होता आणि छत्तीसपैकी एकही फोटो फुकट घालवायचा नाही, असं ठरवून ते आले होते. आम्हाला संस्था दाखवायला संचालकांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला, धाकूदादांना, पाठवलं. सडपातळ, काळेसावळे, पन्नाशीला आलेले. खाकी पँट गुडघ्याशी विटलेली. हाताला फॉर्मॅलिनचा वास.

मायक्रोस्कोपवर एक मुलगी वाकून बसली होती. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. धाकूदादा हळूच आडवे आले.

"भाऊ, तिला इचारलात काय?"

बाबांना वीस वर्षांत कुणी असं अडवलं नव्हतं. मुलं बाबांना विचारून पाणी प्यायला जायची. त्यांचे कान लाल झाले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्यांनी विचारलं. ती मुलगी म्हणाली, "आत्ता नको काका, केस बघा कसे झालेत." आम्ही पुढे गेलो. थोड्या वेळाने ती केस विंचरून, ऍप्रनची बटणं लावून आपणहून आली आणि म्हणाली, "आता काढा." तो फोटो आमच्या घरी अजून आहे. ती मुलगी कोण, कुठली, काही माहीत नाही, पण इतकी छान हसली आहे की आईने तो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला.

"बगा," धाकूदादा बाबांना म्हणाले, "इचारलं की मानूस बरा दिसतो."

हा नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता. त्यांची शाळा चौथीत सुटली होती. झालं होतं ते असं. माझ्या आधी दोन वर्षं एक विद्यार्थी माकुलांवर काम करत होता. माकूल म्हणजे ते शाई सोडणारं, जाळ्यात आलं की कोळणी वेगळं काढून ठेवतात ते. ती टाकीत जगवणं महाकठीण. त्याने सहा महिने खपून चार माकुलं जगवली होती. बघायच्या कार्यक्रमाला आलेल्या एका गृहस्थांना टाकी दाखवायला धाकूदादांनी पडदा बाजूला केला. गृहस्थांनी फ्लॅश मारला. माकुलं बिचकली आणि चौघांनी एकदम शाई सोडली. समुद्रात ती शाई वाहून जाते, टाकीत कुठे जाणार? पाणी बदलेपर्यंत चारही मेली. त्या मुलाचं वर्ष गेलं. त्याला कुणी बोललं नाही, त्या गृहस्थांनाही कुणी बोललं नाही. धाकूदादांनी मात्र दोष स्वतःकडे घेतला, कारण पडदा त्यांनी उघडला होता. दोन दिवस ते जेवले नाहीत, असं कॅन्टीनवाला सांगायचा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक फळी रंगवून आणली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, विद्यार्थ्याकडून खडूने गिरवून घेतलेली: फोटो काढायच्या आधी विचारा. ती दारावर ठोकली. माकुलाला विचारता येत नाही म्हणून तिथे फोटोच नाही. माणसाला विचारता येतं म्हणून विचारायचं, इतका सरळ हिशेब होता त्यांचा. जेवणाऱ्याचा काढायचा नाही. मार्कांच्या यादीचा काढायचा नाही, कारण त्यात कुणीतरी नापास असतोच. पाहुण्यांच्या नोंदवहीत त्यांनी संचालकांकडे हट्ट धरून एक रकाना वाढवून घेतला: कॅमेरा आहे किंवा नाही. ज्याच्याकडे कॅमेरा त्याच्याबरोबर ते स्वतः फिरायचे.

नियम आम्हालाही होते. आम्ही विद्यार्थी पाहुण्यांच्या फोटोत मध्येच घुसायचो, कुणी काढेल तर स्वतःचाही काढून घ्यायचो. तेव्हा ते रागवायचे. "पाव्हण्याचा रोल हाय तो, तुमच्या लग्नातला नाय. त्याला मोजून फोटू काडायचे असतात." त्यांचं ते वाक्य आमच्या वसतिगृहात कुणीही काही उसनं मागितलं की वापरात यायचं.

आणि ते स्वतः? फोटोची वेळ आली की पाहुण्यांच्या पिशव्या, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या धाकूदादांच्या हातात जायच्या. लोक म्हणायचे, जरा धरता का? ते धरायचे आणि बाजूला व्हायचे. किंवा लोक म्हणायचे, सगळ्यांचा एकत्र हवा, तुम्हीच काढा ना. मग पिशव्या भिंतीशी ठेवून ते कॅमेरा घ्यायचे. काढायचेही छान. सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा तर एक माणूस बाहेर हवा. आमच्या संस्थेत तो माणूस ठरलेला होता.

मी एम.एस्सी. झाले आणि २००२ साली तिथेच शिकवायला लागले. तोवर ते मला 'बाय' म्हणायचे, मी त्यांना धाकूदादा. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझी खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसा म्याडम." मी म्हटलं, "अहो दादा, म्याडम काय?" ते हसले, पण मॅडमच म्हणत राहिले. माझं 'दादा' मात्र वर्षभरात गळून पडलं. सगळे सर त्यांना नुसतं धाकू म्हणायचे, मीही म्हणायला लागले. कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. असल्या गोष्टींना तारीख नसते, आणि म्हणूनच त्यांची लाज उशिरा वाटते.

आता जुलै २००४ मधल्या त्या दिवसाचं सांगते.

त्या वर्षी संस्था बघायला माणसंच कमी आली होती. सकाळी संचालकांनी मला बोलावून सुनावलं होतं की पाहुण्यांशी नीट वागा, एकेक प्रवेश मोलाचा आहे. मी धुमसतच बाहेर आले. माझी जीभ आमच्या घराण्यातली आहे, ती धुमसताना स्वस्थ बसत नाही. देवरुखाहून गोपाळकृष्ण आठल्ये नावाचे निवृत्त शिक्षक मुलाला, यज्ञेशला, घेऊन आले होते. मी त्यांना टाक्या दाखवून पुढे निघाले. वळून बघते तर धाकूदादा त्यांच्यापाशी उभे. अंगात कोरा शर्ट, आकाशी, बारीक रेघांचा. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डब्यातल्या घड्या तशाच उमटलेल्या.

"भाऊ, येक इचारू?" ते म्हणत होते. "माजा पन येक काडाल काय? रोलाचं काय असंल त्ये देतो."

आठल्ये म्हणाले, "अहो त्यात काय, उभे राहा ना."

धाकूदादा भिंतीशी उभे राहिले. केसांवरून हात फिरवला. आणि मी मध्ये पडले.

"धाकू, पाहुण्यांचा रोल आहे तो, तुमच्या लग्नातला नाही. तुमचाच नियम ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! चला, त्यांच्या पिशव्या घ्या आधी."

यज्ञेश हसला. मलाही आपण विनोद केल्यासारखं वाटलं, हेही लपवत नाही. धाकूदादांनी मान खाली घातली, आठल्यांच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि "व्हय म्याडम" म्हणाले. आम्ही पुढे गेलो. दुपारी पोहे आले, आठल्ये साडेतीनच्या एस.टी.ने गेले. मुलाने पुढे गोव्याला प्रवेश घेतला. मी तो दिवस विसरून गेले.

नोव्हेंबरात धाकूदादांना ताप आला. आठ दिवस छातीत कफ झाला होता, आणि ते टाक्यांचं पाणी बदलायला येतच होते. नवव्या दिवशी आले नाहीत. दहाव्या दिवशी गेले.

मी हौसावहिनींना 'ढिगाने' म्हणून बसले होते, म्हणून त्याच संध्याकाळी कपाटं उघडली. संस्थेचे अकरा अल्बम होते. उद्घाटनाच्या फोटोत धाकूदादा नाहीत, ते खुर्च्या मांडत होते. वर्धापनदिनाच्या फोटोत नाहीत, माईकची वायर धरायला पडद्यामागे होते. सहलींच्या फोटोंत नाहीत, ते फोटो त्यांनीच काढलेले. कार्यालयात ओळखपत्र विचारलं तर लिपिक म्हणाला, रोजंदारीवरच्यांना ओळखपत्र नसतं. एकोणीस वर्षं रोजंदारी! मतदार ओळखपत्र होतं, ते वहिनींनीच आणून दाखवलं. त्यावर एक काळा गोळा होता आणि गोळ्याला दोन कान. "ह्येच्यापरीस कायच नको," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत विठूने मित्राचा कॅमेरा आणला होता. त्यात वहिनी आहेत, विठू आहे, वाडीतली सगळी पोरंठोरं आहेत. तो फोटो कुणी काढला ते मी विचारलंही नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला झोप येईना. मग मला नोंदवही आठवली. धाकूदादांनी हट्टाने मांडून घेतलेला तो कॅमेऱ्याचा रकाना. ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्या प्रत्येकाचं नाव आणि पत्ता तिथे होता. मी पोस्टातून शंभर कार्डं आणली आणि मागच्या सहा वर्षांतल्या लोकांना लिहायला बसले. 'आपण आमची संस्था पाहावयास आला होता. आपल्यासोबत धाकू नावाचे गृहस्थ होते. आपण काढलेल्या एखाद्या छायाचित्रात ते असल्यास कृपया प्रत पाठवावी. ते आता हयात नाहीत.' बाबा म्हणाले, कोण कशाला उत्तर देतंय. पण उत्तरं आली. माणसं आपण समजतो त्यापेक्षा बरी असतात.

चिपळूणहून एक फोटो आला, त्यात कडेला एक कोपर आणि कोपराला अडकवलेली छत्री. कोल्हापूरहून आला, त्यात मुलगी, तिची आई, आणि पायाशी जमिनीवर फोटो काढणाऱ्याची लांब सावली. साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'फोटोत नाहीत, पण माझी पर्स राहिली होती ती त्यांनी पळत स्टँडपर्यंत आणून दिली, हे त्यांच्या घरच्यांना सांगा.' एका फोटोत टाकीचा पडदा धरलेली चार बोटं होती. मी ती बोटं ओळखली. करंगळीचं नख काळं होतं. असे तेवीस तुकडे जमले. त्यांतून एक हात जुळला, अर्धा खांदा जुळला, चेहरा काही जुळला नाही.

देवरुखच्या कार्डाचं उत्तर येत नव्हतं. ते कार्ड मी सगळ्यात शेवटी टाकलं होतं. खरं तर टाकायचंच नव्हतं. आला असता तर त्यांच्याकडूनच फोटो आला असता, आणि तो मीच होऊ दिला नव्हता. हे एका अनोळखी माणसाकडून पुन्हा ऐकायला लागू नये, असं वाटत होतं.

गणपती झाले आणि सप्टेंबरात आठल्यांचं पाकीट आलं. ते मुलाकडे गोव्याला होते, कार्ड घरी पडून राहिलं होतं. पत्र मास्तरांच्या अक्षरात होतं, समासासकट.

'आपल्या संस्थेचा नियम माझ्याकडून मोडला गेला याबद्दल प्रथम क्षमा मागतो. आपण त्या गृहस्थांना बोलत होता आणि त्यांनी पिशव्या उचलल्या, तेव्हाही कॅमेरा माझ्या डोळ्याशीच होता आणि नकळत बटण दाबलं गेलं. त्या क्षणी त्यांना विचारलं नव्हतं. फोटो धुऊन आल्यावर पाठवावा असं मनात होतं. परंतु त्यात ते बरे दिसत नव्हते, म्हणून पाठवला नाही. पाठवायला हवा होता.'

मी फोटो बाहेर काढला.

धाकूदादा पूर्ण होते. केसांपासून पायापर्यंत. नवा आकाशी शर्ट, घड्या दिसणारा. दोन्ही हातांत आठल्यांच्या पिशव्या. मान खाली, डोळे डावीकडे झुकलेले. नुकतं हसू पुसलं गेलेलं तोंड. आणि डाव्या कडेला, चौकटीत शिरलेला एक हात. बोट रोखलेलं. मनगटावर माझं घड्याळ, माझी आईने दिलेली बांगडी.

त्या एवढ्या मोठ्या शोधातून त्यांचा एकच फोटो निघाला, आणि तो मी त्यांना बोलत असतानाचा.

मी तो खणात ठेवला. तीन आठवडे ठेवला. वर्षश्राद्ध नोव्हेंबरात होतं. सापडला नाही, असं वहिनींना सांगणं अगदी सोपं होतं, त्यांनी विश्वास ठेवला असता. मतदार कार्डावरचा तो काळा गोळा मोठा करून लावला असता. मी रोज खण उघडत होते आणि रोज बंद करत होते. मला स्वतःची किती लाज वाटली ते मी कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका रविवारी हातखंब्याची एस.टी. पकडली. तिथून आत त्यांची वाडी.

वहिनी अंगणात भात वाळवत होत्या. मी फोटो दिला. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो दोन्ही हातांनी धरला आणि उन्हात नेला. बराच वेळ बघत राहिल्या.

"शर्ट बगा कसा दिसतोय," त्या म्हणाल्या. "म्या बोल्लेली, घड्या मोडून घाला. ऐकलान नाय." मग म्हणाल्या, "कुनाचं तरी ऐकून घेतायत."

"माझं," मी म्हटलं. "तो हात माझा आहे, वहिनी. ते फोटो काढून घेत होते. मी नाही काढू दिला. सगळ्यांसमोर बोलले त्यांना."

एवढं बोलायला जन्म गेल्यासारखं मला वाटलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. फोटोतल्या त्या हाताकडे बघितलं.

"व्हय?" त्या म्हणाल्या. "घरी तसं कायच नाय बोल्ले. म्याडम कामात व्हत्या, इतकंच बोल्ले."

त्यांनी मला रागावायला हवं होतं. मी त्यासाठीच गेले होते, असं आता वाटतं. त्यांनी मला गुळाचा चहा दिला.

फोटो मोठा करायला रत्नागिरीतल्या स्टुडिओत मीच नेला. स्टुडिओवाल्याने तो कॉम्प्युटरवर घेतला. "हा हात काढून टाकतो," तो म्हणाला. "कमरेच्या वर घेऊ, म्हणजे पिशव्याही जातील."

"मान थोडी वर करता येईल का?" मी विचारलं.

"हात काढता येईल मॅडम. मान नाही वर करता येणार. मूळ फोटोत जसं असेल तसंच."

धाकूदादांचं वाक्य मला तिथे आठवलं, विचारलं की माणूस बरा दिसतो. जन्मभर सगळ्यांना विचारायला लावणाऱ्या त्या माणसाला 'तुमचा काढू का' असं कुणी विचारलं नव्हतं. एकदा त्यांनीच विचारलं, तेव्हा आडवी मी आले.

वर्षश्राद्धाला मी गेले. ओटीवरच्या भिंतीला फोटो टांगला होता, झेंडूची माळ घातली होती. माझा हात कुठेच नव्हता. स्टुडिओवाल्याने काम चोख केलं होतं, मागे स्वच्छ निळा रंग भरला होता. वाडीतले लोक येत होते, बघत होते, "अगदी तसाच हाय" म्हणत होते. विठू मुंबईहून रात्रीच्या गाडीने आला होता. त्याने मूळ फोटो पाहिला नव्हता. केस कापलेले, डोळे सुजलेले. तो फोटोसमोर उभा राहिला आणि उभाच राहिला.

"आये," तो म्हणाला, "बाबा असं खाली कुटं बगतायत?"

वहिनी पत्रावळी मांडत होत्या. मी ओटीच्या डाव्या बाजूला बसले होते, बरोबर त्या नजरेखाली. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच हवं होतं, मुलाचा हक्क होता तो. मी मान खाली घातली.

"पिशव्या धरल्यान व्हत्या पाव्हण्यांच्या," वहिनी म्हणाल्या. "त्या फोटूत नाय आल्या. कुनाची राह्यली तर नाय, म्हून बगतायत."

विठूने मान हलवली. त्याला ते पटलं, बाप तसाच होता. त्याने डोळे पुसले आणि पाणी वाढायला तांब्या घेतला. वहिनींनी पहिली पत्रावळ माझ्यापुढे ठेवली, वरणभात वाढला, त्यावर तूप घातलं.

"जेवा म्याडम," त्या म्हणाल्या.

मी मान वर न करता पहिला घास घेतला.